अनोळखी माणसाने आपला व्हिडिओ काढून प्रसिद्ध केला, तर "सार्वजनिक जागा आहे" हे उत्तर पुरेसे आहे का?

सांजवेळ (प्रश्न)

नमस्कार. एका गोष्टीवर येथील जाणकारांचे मत हवे आहे, आणि व्यवहारात काय करता येईल याचा सल्ला मिळाला तर तोही हवा आहे.

काही दिवसांपूर्वी मी फलाटावर गाडीची वाट पाहत उभी होते. एक तरुण जवळ आला आणि त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने मला एक विचित्र, ऐकणाऱ्याला अपमान वाटेल असा प्रश्न विचारला. काय उत्तर द्यावे ते मला सुचेना, म्हणून मी दोन पावले मागे सरकले. तेवढ्यात खांबाआड उभा असलेला त्याचा मित्र मोबाइल धरून पुढे आला आणि हे सगळे चित्रित होत होते हे लक्षात आले. हा व्हिडिओ कोठेही टाकू नका, असे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यावर "सार्वजनिक जागा आहे, येथे कोणीही शूटिंग करू शकतो" असे उत्तर देऊन दोघेही बाकावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे वळले.

पुढे एका सहकाऱ्याने तो व्हिडिओ मला दाखवला. व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसते, त्यासाठी त्यांनी नेमका माझाच चेहरा निवडला होता. तोंड अर्धवट उघडे, भुवया वर गेलेल्या, चेहऱ्याभोवती लाल वर्तुळ आणि वर जाड पिवळ्या अक्षरांत "बाईंची बोलती बंद". खाली प्रतिक्रियांची रांग लागली होती आणि त्यांतील बऱ्याचशा माझ्या कपड्यांवर, वयावर आणि बावळटपणावर होत्या. ज्यांना मी कधी भेटणार नाही, अशा माणसांनी माझ्या गोंधळलेल्या क्षणावरून माझ्या बुद्धीचा निकाल लावला होता.

मी सार्वजनिक जागेत होते हे खरे आहे. पर्यटकांच्या छायाचित्रांत मागे उभी असलेली मी किती वेळा टिपली गेले असेन कोणास ठाऊक, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मग या व्हिडिओने मला इतका त्रास का व्हावा? माझा आक्षेप केवळ भावनेचा आहे, की त्याला नीतीचा आणि कायद्याचाही काही आधार आहे? आणि असेल, तर पर्यटकाचे छायाचित्र आणि हा व्हिडिओ यांच्यामधली रेषा नेमकी कोठे ओढायची?

---

काटेकोर

सांजवेळ, कायद्याचा भाग आधी घेतो, कारण तुम्हाला मिळालेले उत्तर ठाम असले तरी अर्धवट आहे. "कोणीही शूटिंग करू शकतो" असे म्हणताना दोन वेगळ्या कृती एकाच वाक्यात गुंडाळल्या जातात. चित्र टिपणे ही एक कृती आणि ते अनोळखी लोकांपुढे मांडणे ही दुसरी. पहिलीला अनेक देशांच्या कायद्यांनी बरीच मोकळीक दिलेली आहे. दुसरीवर मात्र बंधने आहेत आणि त्यांतली काही इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहेत.

१८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरून वापरता येणारा कॅमेरा बाजारात आला. तोपर्यंत छायाचित्र निघायचे म्हणजे सहसा माणसाला कॅमेऱ्यासमोर काही काळ स्थिर बसावे लागे, त्यामुळे आपले चित्र निघत आहे हे त्याला ठाऊक असेच, आणि नको असल्यास तो उठून जाऊ शके. हातातल्या कॅमेऱ्याने ही सोय काढून घेतली. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात त्यांनी क्षणात निघणारी छायाचित्रे आणि वृत्तपत्रांचा धंदा यांच्याकडे बोट दाखवले होते. ब्रँडाइस पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले.

तुमच्या अनुभवाशी सर्वांत जवळचे प्रकरण मला न्यूयॉर्क राज्यातले वाटते. एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले आणि त्याच्या सुमारे २५ हजार प्रती दुकानांतून आणि इतर सार्वजनिक ठिकाणी झळकल्या. ओळखीच्या लोकांकडून झालेल्या चेष्टेमुळे आपण आजारी पडलो, असे तिचे म्हणणे होते. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला, कारण असा कोणताही हक्क कायद्यात लिहिलेला नव्हता. या निकालावर इतकी टीका झाली की पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी जिवंत व्यक्तीचे नाव वा चित्र लेखी संमतीशिवाय वापरण्यास बंदी घातली. त्या तरुणीचा फायदा झाला नाही, पण तिच्यामुळे नंतरच्यांचा झाला.

तुम्ही विचारलेली रेषा जर्मनीच्या १९०७ च्या कायद्यात बऱ्याच स्पष्टपणे ओढलेली आहे. १८९८ मध्ये जर्मनीचे माजी चॅन्सलर बिस्मार्क यांचे निधन झाले तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्यांच्या खोलीत शिरले आणि त्यांनी मृतदेहाचे छायाचित्र काढले. त्या प्रकरणातून पुढे आलेला हा कायदा सांगतो की कोणाचेही चित्र त्याच्या संमतीनेच प्रसृत करता येते. त्याला काही अपवाद आहेत. समकालीन इतिहासाशी संबंधित चित्रे, सभा आणि मिरवणुका, आणि ज्या चित्रांत माणूस एखाद्या निसर्गदृश्याच्या किंवा ठिकाणाच्या शेजारी केवळ अनुषंगाने आला आहे अशी चित्रे त्यांत येतात. पर्यटकाच्या छायाचित्रातल्या तुम्ही या शेवटच्या अपवादात बसता. चौकटीतून तुम्हाला वगळले तरी त्याचे छायाचित्र तेच राहते. तुमच्या व्हिडिओतून तुम्हाला वगळले तर त्या दोघांकडे दाखवायला काहीच उरत नाही. माझ्या मते कसोटी हीच आहे आणि ती लावायला वकील लागत नाही.

कॅनडातही असाच निकाल आहे. मॉन्ट्रियलमध्ये एका इमारतीच्या पायरीवर बसलेल्या १७ वर्षांच्या मुलीचे छायाचित्र एका कलाविषयक नियतकालिकाने तिला न विचारता छापले. छायाचित्रात वावगे काहीही नव्हते. तरीही १९९८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्यूबेक प्रांताच्या कायद्यानुसार तिच्या बाजूने निकाल दिला आणि २ हजार डॉलरची भरपाई कायम केली.

उलट बाजूचे निकालही आहेत, हे लपवणे योग्य होणार नाही. फिलिप-लॉर्का डिकोर्शिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये मचाणावर दिवे लावून, दूरवरून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे चेहरे त्यांच्या नकळत टिपले. त्यांतील एका धर्मनिष्ठ ज्यू गृहस्थांनी धार्मिक कारणावरून आक्षेप घेतला, पण २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ही कला आहे असे मानून दावा फेटाळला. म्हणजे देश बदलला, कायदा बदलला, की उत्तरही बदलते. तुमच्या देशातील तरतूद तेथील वकिलालाच विचारा. पण "सार्वजनिक जागा" या दोन शब्दांत प्रश्न निकालात निघतो, असे म्हणणाऱ्याने यांतले काहीच वाचलेले नाही.

---

छायाप्रकाश

मी अनेक वर्षे रस्त्यावरची छायाचित्रे काढत आलो आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. सांजवेळ यांच्याशी जे झाले ते मला मुळीच मान्य नाही. मात्र त्यावर उपाय म्हणून "आधी संमती, मगच चित्र" असा सरसकट नियम झाला, तर त्यात बरेच काही बुडेल.

पहिली गोष्ट पुराव्याची. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, तेव्हा रस्त्यावर उभ्या असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर ते चित्रित केले. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्यांच्या मृत्यूचे वर्णन वैद्यकीय घटना म्हणून केले होते. तो व्हिडिओ नसता तर ते निवेदनच नोंद म्हणून राहिले असते. २०२१ मध्ये पत्रकारितेचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळाने त्या मुलीचा विशेष गौरव केला. तेथे कोणी कोणाची संमती मागायची होती? सत्ता हातात असलेला माणूस कर्तव्यावर असताना काय करतो, हे टिपण्याचा हक्क सामान्य माणसाकडून काढून घेतला, तर खासगीपणाच्या नावाखाली नेमके चुकीचे लोक झाकले जातील. असे कायदे होतात तेव्हा त्यांचा आधार सर्वांत आधी ज्यांच्याकडे महागडे वकील असतात तेच घेतात.

दुसरी गोष्ट कलेची. आपल्या आजी-आजोबांच्या काळातली शहरे, बाजार आणि रस्ते कसे होते, लोक कसे उभे राहत, काय अंगावर घालत, हे आपल्याला ज्या छायाचित्रांतून समजते, त्यांतली कितीतरी न विचारता काढलेली आहेत. विचारले की माणूस सावरतो, केस नीट करतो, हसतो, आणि आधी जे दिसत होते ते निघून जाते.

तरीही मी स्वतःपुरते काही नियम पाळतो. कॅमेरा उघडपणे, डोळ्यांना लावून धरतो. कोणी हाताने नको म्हणाले तर टिपलेले चित्र त्याच्यासमोर पुसतो. रडणाऱ्या, पडलेल्या, नशेत असलेल्या किंवा भांबावलेल्या माणसाचे चित्र काढत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे चित्र मला हवे आहे ते मिळावे म्हणून मी समोरच्याला डिवचत नाही. त्या दोघांनी केले ते रस्त्यावरचे चित्रीकरण नव्हेच. समोर घडत असलेले त्यांनी टिपले नाही. त्यांनी एका अनोळखी बाईला मुद्दाम अडचणीत टाकले आणि त्या अडचणीचा माल केला. नकार ऐकल्यावरही तो प्रसिद्ध केला, ही त्याहून वाईट गोष्ट आहे. नकार मिळाल्यानंतर "मला हक्क आहे" म्हणणारा माणूस छायाचित्रकार म्हणून माझ्या नजरेतून उतरतो, मग कायदा काहीही म्हणो.

---

सडेतोड

मला ही चर्चा प्रमाणाबाहेर गेलेली वाटते. घराबाहेर पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत आपण सुरक्षा कॅमेऱ्यांच्या नजरेखाली असतो आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मग एका मोबाइलनेच आभाळ का कोसळावे? असे व्हिडिओ लोक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. ज्याला दिसायचेच नाही, त्याने गर्दीच्या ठिकाणी जाताना ही शक्यता गृहीत धरावी. अपमान झाला हे वाईट आहे, पण अपमान आणि हक्काचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

तंत्रवेध

सडेतोड, अपमान आणि हक्काचा भंग वेगळे आहेत हे तुमचे म्हणणे मला पटते. सुरक्षा कॅमेऱ्याची तुलना मात्र पटत नाही. त्या कॅमेऱ्याचे चित्रण सहसा मोजक्या लोकांना पाहता येते, काही काळाने त्यावर नवे चित्रण चढते आणि कोणी ते शीर्षक देऊन लोकांपुढे ठेवत नाही. शिवाय त्यावरही नियम आहेतच. एका झेक गृहस्थांनी घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा समोरचा सार्वजनिक रस्ताही टिपत होता. हा निव्वळ घरगुती वापर म्हणता येणार नाही, असे युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले.

"दुसऱ्या दिवशी विसरतात" हे एके काळी बऱ्याच अंशी खरे होते. आता पाहणारे विसरतात, पण यंत्र विसरत नाही. चेहरा ओळखणारी प्रणाली छायाचित्रातील चेहऱ्याचे रूपांतर आकड्यांच्या एका मालिकेत करते आणि ती मालिका साठ्यातील इतर मालिकांशी ताडून पाहते. त्यासाठी त्या माणसाचे नाव ठाऊक असावे लागत नाही आणि चित्र कोणी, का काढले होते याच्याशी तिला काही देणेघेणे नसते. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीने समाजमाध्यमांवरून आणि इतर संकेतस्थळांवरून ३ अब्जांहून अधिक चित्रे गोळा केली असल्याचे जानेवारी २०२० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले. पिमआइजसारखी चेहरा टाकून चित्रे शोधणारी संकेतस्थळे तर सामान्य माणसालाही खुली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरा असलेला बाजारातला चश्मा आणि अशीच एक शोधसेवा जोडून, समोरून चाललेल्या अनोळखी माणसाचे नाव आणि पत्ता यांसारखे तपशील कसे शोधता येतात, ते करून दाखवले. धोका लोकांच्या लक्षात यावा एवढाच त्यांचा हेतू होता, म्हणून त्यांनी आपली प्रणाली खुली केली नाही. पण वापरलेले सुटे भाग आधीपासूनच सर्वांना उपलब्ध होते.

यंत्र नसले तरी गर्दी हेच काम करते, आणि ते करताना चुकतेही. जुलै २०२५ मध्ये बोस्टनजवळ कोल्डप्ले या संगीतवृंदाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर एक जोडी दिसली, दोघे चटकन लपले, कोणा प्रेक्षकाने ते मोबाइलवर टिपले, आणि बघता बघता त्यांची नावे, हुद्दे आणि कुटुंबे जगभर पोहोचली. तेथे चित्रीकरण होते हे प्रेक्षकांना ठाऊक असते, म्हणून पडद्यावर येण्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण त्याच व्हिडिओत जवळ उभ्या असलेल्या महिलेचे म्हणून एक तिसरेच नाव पसरवले गेले. ती महिला कार्यक्रमाला गेलीच नव्हती, आणि त्या जोडीच्या कंपनीला तसे जाहीरपणे सांगावे लागले. ज्याचा काहीही संबंध नाही त्यालाही आपले नाव धुऊन काढावे लागते, एवढा या उत्साहाचा पसारा आहे.

---

ओंजळ

आतापर्यंत अपमान करणाऱ्या व्हिडिओंबद्दल बोलणे झाले. मला वाटते, चांगुलपणाचे म्हणवले जाणारे व्हिडिओही याच पंक्तीत बसवायला हवेत, कारण तेथे आक्षेप घेणारा माणूसच कृतघ्न ठरतो आणि त्यामुळे त्याची कोंडी अधिक होते.

२०२२ मध्ये मेलबर्नमधील एका खरेदी संकुलात एक महिला एकटीच कॉफी पीत बसली होती. एक तरुण तिच्याजवळ आला, त्याने हातातला फुलांचा गुच्छ जरा धरायला तिला दिला, कोट अंगात घातला आणि तो गुच्छ तिच्याकडेच ठेवून निघून गेला. टिकटॉकवर हा व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला आणि लोक "रडू आले" म्हणून लिहू लागले. त्या महिलेने नंतर ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक नभोवाणीला सांगितले की तिचा निवांत वेळ मोडला गेला, आपल्याला माणूस म्हणून वागवलेच गेले नाही असे तिला वाटले, आणि वयस्क बाईला फुले दिली की ती हरखून जाईल या समजुतीचाही तिला राग आला. तिच्याकडे पाहून जगाने ठरवले होते की ही एकटी आहे, दुःखी आहे. ती फक्त कॉफी पीत होती.

असेच २०१८ मध्ये विमानप्रवासात झाले. दोन अनोळखी सहप्रवाशांमध्ये प्रेम फुलत असल्याची कल्पना करून मागच्या आसनावरील एका बाईने त्यांची छायाचित्रे आणि संभाषण ट्विटरवर टाकले. लाखो लोकांना ती गोड गोष्ट वाटली. ज्या स्त्रीबद्दल ती होती, तिला मात्र लोकांनी हुडकून काढले, तिची वैयक्तिक माहिती पसरवली, तिच्याबद्दल घाणेरडे लिहिले, आणि तिला वकिलामार्फत निवेदन काढून आपल्याला हे नको होते असे सांगावे लागले. लिहिणाऱ्या बाईने पुढे माफी मागितली. हेतू चांगला होता की नाही, याचा निवाडा मी करत नाही. गोष्ट त्या स्त्रीची होती आणि ती सांगायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळालाच नाही, एवढे मला पुरेसे आहे.

सांजवेळ, त्रास का झाला असे तुम्ही विचारले आहे. मला वाटते, त्याचे कारण हे आहे की फलाटावर तुम्हाला पाहणारे सगळे तेथेच होते आणि तुम्हीही त्यांना पाहत होता. कोणी टक लावून पाहिले तर तुम्ही रोखून पाहू शकत होता, बाजूला जाऊ शकत होता, "काय आहे?" असे विचारू शकत होता. व्हिडिओतल्या तुम्हाला यांतले काहीच करता येत नाही.

---

मार्गस्थ

एका व्हिडिओ-संकेतस्थळाकडे येणाऱ्या तक्रारी तपासण्याचे काम मी काही काळ केले आहे. त्यामुळे फक्त काय करावे एवढेच सांगतो.

सर्वप्रथम व्हिडिओचा दुवा, टाकणाऱ्या खात्याचे नाव, तारीख आणि तुम्ही ज्या क्षणापासून ज्या क्षणापर्यंत दिसता ते मिनिट-सेकंद लिहून ठेवा आणि पडद्याची छायाचित्रे घ्या. तक्रार गेल्यावर व्हिडिओ गुपचूप बदलला जातो आणि मग दाखवायला काही राहत नाही. त्या व्हिडिओखाली स्वतः प्रतिक्रिया लिहू नका आणि मैत्रिणींनाही लिहायला सांगू नका. रागाची प्रतिक्रियाही प्रतिसाद म्हणूनच मोजली जाते आणि व्हिडिओ आणखी लोकांपुढे ढकलला जातो. त्याऐवजी खात्याला खासगी संदेश पाठवून, त्या वेळी नकार दिला होता हे नमूद करून, काढून टाकण्याची मागणी करा. संदेश लहान आणि सभ्य असावा, कारण तो पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

उत्तर आले नाही तर खासगीपणाच्या भंगाची तक्रार करा. येथे बहुतेक लोक गडबड करतात. व्हिडिओखालचे सर्वसाधारण तक्रारीचे बटण दाबून थांबतात. यूट्यूबवर खासगीपणाच्या तक्रारीची प्रक्रिया वेगळी आहे. ती सामान्यतः ज्याच्याबद्दल व्हिडिओ आहे त्यानेच करायची असते आणि त्यात चेहरा, आवाज, नाव यांपैकी कशावरून तुम्ही निःसंदिग्धपणे ओळखू येता ते सांगावे लागते. त्यानंतर टाकणाऱ्याला व्हिडिओ काढण्यासाठी किंवा बदलण्यासाठी ४८ तासांची मुदत दिली जाऊ शकते. तो चेहरा धूसर करू शकतो, त्याचे साधन यूट्यूबने त्याला दिलेले आहे. व्हिडिओ नुसता खासगी करून ठेवणे पुरेसे धरले जात नाही, कारण तो पुन्हा खुला करता येतो. त्याने काहीच केले नाही तर यूट्यूब स्वतः तपासणी करते आणि लोकहित, बातमीमूल्य आणि संमती यांचा विचार करून निर्णय घेते. तुमच्या प्रकरणात लोकहित कोणते, हे सिद्ध करणे त्यांना जड जाईल. इंस्टाग्राम आणि टिकटॉकवरही खासगीपणासाठी वेगळे अर्ज आहेत, तेच वापरा.

त्या चित्राचाही उल्लेख तक्रारीत स्वतंत्रपणे करा. व्हिडिओत चेहरा धूसर होतो आणि व्हिडिओ उघडण्याआधीचे चित्र तसेच राहते, असे मी वारंवार पाहिले आहे.

कोणी धमकी दिली, तुमचा पत्ता किंवा नोकरीचे ठिकाण लिहिले, तर संकेतस्थळाच्या उत्तराची वाट न पाहता पोलिसांकडे जा.

---

सांजवेळ

सर्वांचे मनापासून आभार. काटेकोर यांची कसोटी आणि छायाप्रकाश यांचा "डिवचणे" हा मुद्दा एकत्र ठेवल्यावर मला माझा आक्षेप नीट मांडता येऊ लागला आहे. त्या खात्याला संदेश पाठवला होता, पण त्याने तो वाचूनही उत्तर दिले नाही, म्हणून आज मिनिट-सेकंद आणि त्या चित्राचा उल्लेख करून खासगीपणाची तक्रार नोंदवली आहे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. माझ्यानंतर ते ज्या वृद्ध गृहस्थांकडे वळले, तेही त्याच व्हिडिओत आहेत. त्यांना नीट ऐकू येत नव्हते, म्हणून ते पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" असे विचारत होते, आणि तेवढाच तुकडा तीन वेळा फिरवून दाखवला आहे. त्यांना मी ओळखत नाही. आपण अशा व्हिडिओत आहोत हे त्यांना कदाचित ठाऊकही नसेल. तक्रार ज्याची त्यानेच करायची असेल, तर त्यांच्या वतीने मला काही करता येईल का?

---

मार्गस्थ

खासगीपणाची तक्रार तुम्हाला त्यांच्यासाठी सहसा करता येणार नाही, ती मुभा अल्पवयीन मुलांचे पालक किंवा कायदेशीर प्रतिनिधी यांसारख्या मोजक्या अपवादांपुरती असते. छळाची तक्रार मात्र पाहणारा कोणीही करू शकतो. तीत त्यांचा तुकडा कोठे सुरू होतो ती वेळ द्या, ऐकू येत नसल्याबद्दल एका वृद्ध माणसाची थट्टा होत आहे असे सरळ लिहा, आणि ज्या प्रतिक्रियांत त्यांच्या वयावर किंवा बहिरेपणावर हीन लिहिले आहे त्या प्रत्येकीची वेगळी तक्रार करा. तुमच्या बाजूने चेहरा धूसर करून ते खाते मोकळे झाले, तरी ही दुसरी तक्रार स्वतंत्रपणे चालू राहील. म्हणून पहिलीच्या निकालाची वाट न पाहता ती आजच द्या.